अक्काच्या घरातला कापूस

हे आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेलं नाही. बायकोला माहीत आहे, पण मी सांगितलं म्हणून नाही – ती त्या दुपारी स्वयंपाकघरात होती आणि आमच्या घराच्या भिंती पातळ आहेत. एका व्यापाऱ्यालाही माहीत आहे. त्यानं पुन्हा कधी विषय काढला नाही. तिसरं कुणी नाही. तुम्हाला का सांगतोय, असं विचारू नका – मलाही ते नीट सांगता येणार नाही. याआधी लिहायला बसलो होतो. पान भरलं, वाचून पाहिलं, तर तो कापसाच्या बाजारपेठेवरचा लेख झाला होता. चांगला लेख होता. फाडून टाकला.

मी अर्थशास्त्राचा प्राध्यापक. धुळ्याच्या एका कॉलेजात जन्म गेला, आता निवृत्त होऊन देवपूरला राहतो. माझी पीएच.डी. खानदेशातल्या कापसाच्या खरेदी-विक्रीवर. त्या काळी आमच्या विभागात सगळे मोठ्या मोठ्या विषयांवर काम करायचे – परकीय व्यापार, पंचवार्षिक योजना – आणि मी मात्र एसटीनं पारोळा, अमळनेर, चोपडा करत जिनिंगच्या – कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या गिरण्यांच्या – दारांत उभा राहायचो. सहकारी हसायचे. पुढे तेच माझ्या कामी आलं. कापसाचा हंगाम जवळ आला की वर्तमानपत्रवाले माझ्याकडे लेख मागायचे. मेळाव्यांना बोलावणी यायची. ‘कापूसवाले सर’ – हे नाव मुलांनी ठेवलं, नंतर गावोगाव तेच झालं. मला ते आवडायचं. खूप आवडायचं, हेही आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं.

या विषयातला जाणकार म्हणजे काय असतो, ते एकदा स्पष्ट करू द्या. लोकांना वाटतं, आम्हाला भाव आधी कळतो. तसं काही नसतं. जिनिंग दिवसरात्र चालतंय की एकाच पाळीत, सूतगिरण्या माल उचलतायत की हात आखडून आहेत, बाहेरच्या देशांत पीक कसं आलंय, सरकीला गिऱ्हाईक आहे का – अशा दहा ठिकाणी कान लावायचा आणि मग अंदाज बांधायचा. अंदाज. चुकला तर चुकला, त्यात पाप नाही. माझा अंदाज चुकला असता तर मी तुम्हाला आज काहीच सांगत बसलो नसतो.

माझा अंदाज बरोबर होता. तीच तर गोष्ट आहे.

अक्काबद्दल आधी सांगायला हवं. माझी थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा अक्काच घरातली बाई झाली. मी शाळेत जायचो आणि ती चुलीपुढे असायची. तिचं लग्न पारोळ्याच्या बाजूच्या एका गावात झालं. दाजी खाऊनपिऊन सुखी घरातले, काळीभोर जमीन, विहिरीला पाणी, कुणाचं देणं नाही. दाजी फार बोलत नसत. सगळे व्यवहार अक्काच्या सल्ल्यानं चालत आणि अक्काचे व्यवहार माझ्या सल्ल्यानं. मी एम.ए. झालो तेव्हा तिनं गावभर पेढे वाटले. मी नेमका कशात पास झालो, हे तिला नीट माहीत नव्हतं. ‘मना भाऊले बठ्ठा जगना भाव माहीत शे,’ असं ती बायकांना अहिराणीत सांगायची – साऱ्या जगाचा भाव. मी हसायचो. आता ते आठवलं की – नाही, क्रमानं सांगतो.

ही गोष्ट ज्या हंगामातली, त्याच्या आदल्या हंगामात कापसानं सगळ्यांनाच चकित केलं होतं. ज्यांनी घाईघाईनं विकला ते हळहळले, ज्यांनी घरात ठेवला त्यांची चांदी झाली. मी त्या वर्षी ‘थांबा’ असं लिहिलं होतं. लोकांनी ते लक्षात ठेवलं. मग नव्या हंगामाच्या तोंडाशी मी पुन्हा लेख लिहिला – यंदाही भाव चढेल, विक्रीची घाई नको. लिहिताना माझी तशी खरोखर समजूत होती. लेखाबरोबर माझा फोटो छापून आला. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये तो भिंतीवर लावला गेला.

आणि मग थंडी पडायला लागली तशा बातम्या फिरल्या. सूतगिरण्यांनी खरेदी कमी केली. माझ्या ओळखीची दोन जिनिंग अर्धा दिवस बंद राहायला लागली. बाहेरून येणारी खबर चांगली नव्हती – म्हणजे तिकडे पीक चांगलं होतं, आपल्यासाठी वाईट. रोज सकाळी चहा घेताना मी फोन लावायचो आणि रोज माझा लेख थोडा थोडा खोटा पडताना पाहायचो. मला कळून चुकलं, भाव उतरणार. कधी, ते नक्की नव्हतं. पण उतरणार.

वडिलांची जमीन अमळनेरजवळच्या आमच्या गावी आहे, बटाईनं दिलेली. यंदाचा कापूस, बटाईदाराच्या वाट्यासकट, तिथल्या घरात पडून होता. मी काय केलं? – कांतीशेठला फोन केला. कांतीशेठचं जिनिंग धुळ्याबाहेर पारोळा रोडवर. त्यांचे आजोबा राजस्थानातून इकडे आले, शेठ मात्र माझ्याइतकेच खानदेशी. पीएच.डी.च्या दिवसांपासून ओळख. त्यांनी गाडी पाठवली, माल उचलला, त्या दिवशीच्या भावानं सौदा पुरा केला. गावात मी सांगितलं, शेठच्या गोदामात नुसता ठेवायला दिलाय, भाव चढला की सौदा करू. तसं करणारे पुष्कळ असतात – माल आज टाकायचा, भाव नंतर ठरवायचा – त्यामुळे कुणाला शंका आली नाही. बटाईदाराला त्याच्या वाट्याचे पैसे मी लगेच देऊन टाकले, वर ‘तुझ्यापुरतं मी थांबत नाही’ असा मोठेपणाही घेतला.

इथवर काय गुन्हा झाला? आपला माल आपण विकला. मीही स्वतःला तेव्हा हेच विचारलं होतं आणि हेच उत्तर दिलं होतं. दुसरा लेख लिहायचाही विचार होता – परिस्थिती बदलली आहे, माझा आधीचा अंदाज मागे घेतो. दोन परिच्छेद लिहिलेसुद्धा. मग वाटलं, आठवडाभर थांबावं. कुणाला आवडतं हो, आपल्याच फोटोखालचं वाक्य आपल्याच हातानं खोडायला?

त्या आठवड्यातच जळगावचा मेळावा आला.

मोठा मांडव होता. ठिबकच्या नळ्यांची, बियाणांची, फवारणी पंपांची दुकानं बाहेर लागलेली. माझ्या आधी कृषी खात्यातला एक तरुण अधिकारी बोलला. फार नीट बोलला. सगळा माल एकदम ठेवू नका, एकदम विकूही नका, थोडा थोडा काढा, कुणाच्याही सांगण्यावर जाऊ नका. लोक उठून चहाला जायला लागले. मागून कुणीतरी शिट्टी मारली. तो पोरगा घामाघूम होऊन खाली बसला. मग माझं नाव पुकारलं आणि मांडव पुन्हा भरला. चहाचे कप हातात घेऊनच लोक धावत आत आले. ते मी वरून पाहिलं.

मी सावधच सुरुवात केली होती. खरंच. जागतिक बाजार, मागणी, साठा. पाच-सात वाक्यं झाली असतील, तोच मागच्या रांगेतून एकजण ओरडला, “सर, हे राहू द्या! इकू का ठेवू, तेवढं सांगा!”

सगळे हसले आणि मग एकदम शांत झाले. इतक्या माणसांची ती शांतता – वर्गात कधी मिळाली नाही मला तशी. मी त्या अधिकाऱ्याकडे पाहिलं. तो बूट न्याहाळत होता. मला त्याच्यासारखं खाली बसायचं नव्हतं.

“ठेवा,” मी म्हणालो. “होळी होऊ द्या. भाव तुमच्या दारी चालत येईल.”

टाळ्या थांबेनात. कुणीतरी मोबाइलवर काढलं आणि संध्याकाळपर्यंत ते सगळीकडे पोचलं. परतीच्या वाटेवर, गाडीत, मी पोट भरल्यासारखा सुखावलो होतो. लाज वाटली का? एरंडोलपर्यंत नाही वाटली. नंतर थोडी वाटली. तेवढीच.

तुम्हाला वाटेल, हाच कबुलीजबाब. स्टेजवर चढून खोटं बोललो, स्वतः विकून दुसऱ्यांना ठेवायला सांगितलं. हे वाईट आहेच. पण हे सांगायला मला इतकी वर्षं लागली नसती. गर्दीपुढे खोटं बोलणारा मी काही पहिला नाही, गर्दीला चेहरा नसतो. मी ज्याच्याभोवती घिरट्या घालतोय ते अजून पुढे आहे.

मेळाव्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी अक्काचा फोन आला.

त्यांच्या गावात व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. पण दाजींनी आधीच एका व्यापाऱ्याला शब्द दिला होता, उद्या टेम्पो येणार होता. दाजींचं म्हणणं, शब्द दिलाय तर देऊन टाकू, घर तरी मोकळं होईल. दाजींना दमा होता आणि कापूस घरात असला की त्यांना त्रास व्हायचा. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली, ते दोघं पडवीत झोपत होते. अक्काला निर्णय करता येत नव्हता. बचतगटातल्या बायकाही तिच्याकडे येऊन बसल्या होत्या – तुझा भाऊ आहे, तू विचार, तू सांगशील तसं आम्ही करू.

“भाऊ, तू माले सांग,” ती म्हणाली. “स्टेजवरनं राहू दे. घरनं सांग. ठेऊ का इकू?”

स्टेजवरनं राहू दे, घरनं सांग. तिनं मला वाट काढून दिली होती, बघा ना. तिला माणसाची दोन तोंडं असतात हे माहीत होतं आणि त्याचा तिला राग नव्हता. तिला फक्त घरचं तोंड हवं होतं. एकच शब्द पुरला असता – विक. मी ‘विक’ म्हणालो असतो तर काय झालं असतं? उद्याचा टेम्पो आला असता, खोली रिकामी झाली असती, दाजी आत झोपले असते.

पण ते गाव पाहणार होतं. प्रोफेसरची बहीण विकते. बायका विचारणार होत्या आणि अक्काला खोटं बोलता येत नाही, ती सांगणार होती – भाऊनं विकायला सांगितलं. मग कुणीतरी तो व्हिडिओ पुन्हा लावला असता. हे सगळं माझ्या डोक्यात किती वेळात आलं असेल? ती ‘हॅलो, हॅलो’ म्हणेपर्यंत. रेंज गेली असं वाटलं असेल तिला.

“ठेव,” मी म्हणालो.

दाजींचं खोकणं ऐकू आलं. मग तिनं विचारलं – संशयानं नव्हे, आधारासाठी, जसं अंधारात माणूस दुसऱ्याचा हात चाचपतो तसं – “तुना शे ना कापूस? तू ठेयेल शे ना?”

मी घरी शुद्ध मराठी बोलतो. कॉलेजात लागलो तेव्हापासून अहिराणी सोडली, अक्काशीसुद्धा. ती तिच्या भाषेत बोलायची, मी माझ्या. पण त्या दिवशी मी तिच्या भाषेत उत्तर दिलं. का दिलं? – तिला खरं वाटावं म्हणून. दुसरं कारण मला सापडत नाही.

“शे, अक्का,” मी म्हणालो. “मना बी शे.”

“मंग भेव नही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

हे ते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

होळी आली, गेली. भाव घसरला. आधी थोडा, लोक म्हणाले परत चढेल. मग उन्हं तापली तसा आणखी घसरला. अक्कानं फोन करणं कमी केलं – मला ओशाळं वाटू नये म्हणून. हे तिनंच नंतर सांगितलं. तोवर कापसात किडे झाले होते, तिच्या अंगावर पुरळ उठलं होतं, खाजवून खाजवून हात सोललेले. दाजींना धुळ्याला आणून दवाखान्यात दाखवलं. मी सोबत गेलो. डॉक्टरांनी विचारलं, घरात धूळ वगैरे असते का? दाजी म्हणाले, शेतकऱ्याच्या घरात असायचीच. मी शेजारच्या खुर्चीवर बसलो होतो.

आणि मग एका दुपारी ती आमच्याकडे आली. एकटीच, एसटीनं, डोक्याला पदर बांधून. पिशवीत ज्वारीचे बिबडे-पापड, थोडी उडदाची डाळ. मला वाटलं जाब विचारायला आली. मी उत्तरंसुद्धा तयार केली – जागतिक बाजार, आयात, कुणाच्या हातात काही नसतं.

ती माझी समजूत घालायला आली होती.

तिला वाटलं, भावाचाही माल अडकलाय, वर पेपरात नाव, कॉलेजात लोक बोलत असतील, तोंड दाखवायला जागा नसेल. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. गावातल्या बायका तिच्याशी नीट बोलत नव्हत्या, बचतगटाचं अध्यक्षपद तिनं आपणहून सोडलं होतं – हे सगळं ती हसत सांगत होती, जणू दुसऱ्याच कुणाची गोष्ट. “मी त्यासले सांगी दिधं,” ती म्हणाली, “मना भाऊ काय येगळा शे का? त्याना बी तितकाच डुबना.”

आम्ही बाहेरच्या खोलीत नव्यानं फरशी बसवली होती. ती त्या फरशीवर बसली होती. फरशी कुठल्या पैशांतून झाली, हे स्वयंपाकघरात कांदा चिरणाऱ्या माझ्या बायकोला माहीत होतं. चिरण्याचा आवाज थांबला होता. मी तिकडे पाहिलं नाही.

अक्का मुद्द्यावर आली. आता वाट पाहण्यात अर्थ नाही, देऊन टाकू. पण तिची एक इच्छा होती – आपण दोघं एकाच दिवशी देऊ. माझा माल कांतीशेठच्या गोदामात आहे असं ती धरून चालली होती, मग तीही टेम्पो तिथेच आणेल. “तू एकला नको उभा राहू काट्यापाशी. मी बी येस.”

ती गेल्यावर बायको बाहेर आली. “तुम्ही त्यांना सांगितलं नव्हतं?” एवढंच. मी म्हणालो, “तू यात पडू नको.” ती पडली नाही. त्या दिवसापासून आमच्यात कापूस हा शब्द निघत नाही.

दुसऱ्या दिवशी मी कांतीशेठकडे गेलो. काय सांगू त्यांना? सांगितलं सगळं – म्हणजे जेवढं कामाचं होतं तेवढं. अक्का येईल तेव्हा माझा माल अजून इथेच आहे, असं दिसू द्या.

शेठनी समोरची वही मिटली. मग म्हणाले, “सर, बहीण आहे. सांगून टाका ना. रागावेल, दोन दिवस जेवणार नाही, मग संपलं.”

“माझं नाव जाईल, शेठ.”

“बहिणीकडे कसलं नाव?” ते म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हात जोडले. “मी खोटं बोलणार नाही. पण मी तिथे नसेन. तेवढं करतो.”

बघा – त्यांनी मला दुसरी वाट काढून दिली. मी तीही घेतली नाही.

टेम्पो आला त्या दिवशी ऊन भयंकर होतं. अक्का ड्रायव्हरशेजारी बसून आली, दाजी घरीच. तिचा माल काट्यावर गेला, खाली झाला. मजुरांनी वर्षभराचं ते घरातलं पांढरं ढिगात लोटून दिलं. ती बघत होती. मग म्हणाली, “तुना कोठे?”

आवारात तीन-चार ढीग होते. कुणाकुणाचे, मला माहीत नव्हतं. शेठ शब्दाप्रमाणे कुठे दिसत नव्हते. मी सावलीच्या कडेच्या एका ढिगाकडे बोट केलं.

एवढ्यावर भागलं असतं. पण ती तिकडे चालत गेली. त्या ढिगापाशी उभी राहिली, वाकली, दोन्ही हातांनी कापूस उचलून छातीशी धरला. आणि रडली. स्वतःचा माल खाली करताना रडली नव्हती ती. “बापाना वावरना शे रे,” म्हणाली. बापाच्या शेतातला. कुणा अनोळखी माणसाच्या शेतातला कापूस होता तो. मी तिच्या मागे उभा होतो आणि मी काय केलं – मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. माझेही डोळे भरून आले. ते अश्रू कसले होते, हे मी खूप वेळा स्वतःला विचारलं आहे. मला घाबरल्यावर रडू येतं, लहानपणापासून. बहुतेक तेच असावं.

मजूर काम थांबवून बघत होते. त्यांतल्या एका म्हाताऱ्यानं, कुणाचा माल कुठे आहे हे त्याला पक्कं माहीत असणार, तोंड फिरवून घेतलं.

माझं काय झालं, ते विचाराल. काही नाही झालं. लोक म्हणाले, बाजार आहे, सरांचा तरी काय इलाज. त्यात अक्काच्या गावाकडून बातमी पसरली होती की प्रोफेसरचाही माल बुडाला – त्यामुळे उलट माझ्याबद्दल आदर वाढला. जो बोलतो तसा वागतो, असा माणूस. निवृत्तीच्या समारंभात एका वक्त्यानं हे वाक्य माझ्यासमोर म्हटलं. मी हार घालून घेतला. त्याआधी दोन वर्षं वर्गात ‘माहितीची असमानता’ हा भाग शिकवत होतो – सौद्यात एकाला जे माहीत असतं ते दुसऱ्याला नसतं, त्यातून बाजार कसा बिघडतो. पोरं उदाहरण मागायची. मी जुन्या मोटरसायकलीचं द्यायचो.

दाजी पुढच्या थंडीत गेले. डॉक्टरांनी कापसाचं नाव घेतलं नाही. दमा जुना होता, वय होतं. मी काही जोडत नाही. तोडतही नाही. त्यांना त्या वर्षी पडवीत झोपून श्वास घेता येत नव्हता आणि त्यांची खोली कापसानं भरलेली होती, ती माझ्या शब्दामुळे – एवढं मला माहीत आहे.

गंधमुक्तीच्या, म्हणजे उत्तरकार्याच्या, दिवशी मांडवात पाव्हणे बसले होते. दाजींचा एक चुलतभाऊ, मोठ्या आवाजाचा माणूस, बोलता बोलता म्हणाला की प्रोफेसरच्या नादी लागून या घराची रया गेली. आणखी एक-दोघांनी माना डोलावल्या. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. मला वाटलं – आता. हे आता होऊन जाईल. कुणीतरी मला तोंडावर विचारेल, मी नाकारणार नाही. एका परीनं मी वाट पाहत होतो, असंही म्हणता येईल. पण तोंड मी उघडलं नाही.

अक्का आतून उंबऱ्यात आली. कपाळ मोकळं, आवाज बसलेला. बायका तिला आत ओढत होत्या.

“मना भाऊले कोन्ही बोलानं नही,” ती म्हणाली. “त्यानी बी तितकंच सोसं. त्याना कापूस मी मना हातमा धरेल शे. मी सोता देखेल शे.”

तो चुलतभाऊ खाली बघायला लागला. एकानं उठून मला पाणी आणून दिलं. त्यांच्या चेहऱ्यांवरची ती शरम – माझ्याबद्दल वाईट बोलल्याची – ती मी पाहिली.

अक्कानं मला आत बोलावलं. म्हणाली, तुला परत धुळ्याला जायचंय, आधी जेवून घे. तिनं पाट मांडायला लावला आणि समोर भिंतीला टेकून बसली. भावकीतल्या एका सुनेनं पोळी वाढली, भाजी वाढली, बुंदी वाढली. अक्का म्हणाली, अजून घाल त्याला.

मी नको म्हणालो नाही. मी जेवलो.